तिऱ्हाईताला बोलू द्यायचं का? दाभोळ, सिगारेटचं पाकीट आणि टीबीची एक गोळी

रसायनशास्त्रात एमएस्सी करून लवाद, करार, पेटंट असल्या विषयात पीएचडी कशाला, हा प्रश्न मला मुलाखतीपासून हळदीकुंकवापर्यंत सगळीकडे विचारला जातो. पेटची तयारी करणारे वाचकही अधूनमधून तेच विचारतात. उत्तर असं आहे की, माझा विषय एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो. दोघांचं भांडण चालू आहे. निकालाचा परिणाम तिसऱ्याच्या तब्येतीवर होणार आहे. मग त्या तिसऱ्याला खोलीत येऊन बोलता येतं का?

मराठीत या तिसऱ्यासाठी ‘तिऱ्हाईत’ हा नेमका शब्द आहे. पण तो जरा संशयाने वापरला जातो. तिऱ्हाईतासमोर घरातलं बोलू नये, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आंतरराष्ट्रीय गुंतवणूक लवादाची पहिली चाळीसेक वर्षं हीच भूमिका होती.

ज्यांनी हा विषय वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका देशाची कंपनी दुसऱ्या देशात पैसे गुंतवते. उद्या तिथल्या सरकारने धोरण बदललं तर काय, ही भीती तिला असते. म्हणून दोन देश आपसात करार करतात की, एकमेकांच्या गुंतवणूकदारांना न्याय्य वागणूक देऊ, भरपाईशिवाय मालमत्ता काढून घेणार नाही आणि वाद झाला तर कंपनी थेट सरकारवर लवादात दावा लावू शकेल. असा पहिला करार १९५९ मध्ये पश्चिम जर्मनी आणि पाकिस्तान यांच्यात झाला. भारताने पहिला करार १९९४ मध्ये ब्रिटनशी केला. असे दावे चालवण्यासाठी जागतिक बँकेच्या छत्राखाली वॉशिंग्टनला एक केंद्र आहे, इक्सिड. त्याचा करार १९६६ पासून लागू आहे. भारत त्याचा सदस्य नाही, पण तेवढ्याने सुटका होत नाही, कारण संयुक्त राष्ट्रांच्या अन्सिट्रल नियमांखालीही लवाद बसू शकतो. तीन लवाद असतात. एक कंपनी नेमते, एक सरकार नेमतं आणि एक अध्यक्ष. कागदपत्रं बहुतेक वेळा गुप्त. निकालावर नेहमीसारखं अपील नाही.

ही पद्धत मुळात दोन व्यापाऱ्यांमधल्या भांडणासाठी बेतलेली आहे. दोन व्यापाऱ्यांमध्ये तिसऱ्याचं काय काम, हे खरंच आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा एका बाजूला सरकार असतं आणि वादाचा मुद्दा पिण्याचं पाणी, सिगारेट किंवा औषध असतो.

महाराष्ट्राचा या व्यवस्थेशी पहिला मोठा संबंध आला तो दाभोळमुळे. एन्रॉन हे नाव घरातल्या मोठ्यांना विचारा, बरंच ऐकायला मिळेल. गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूर परिसरात एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांची दाभोळ पॉवर कंपनी उभी राहिली. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी वीजखरेदी करार झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, तेव्हा कंपनीने लंडनमध्ये लवाद सुरू केला. मग पुन्हा वाटाघाटी झाल्या, करार सुधारला गेला आणि १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू झाला. २००१ मध्ये बिलांवरून सगळं कोसळलं. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

आता यातले तिऱ्हाईत मोजा. पहिले म्हणजे गावकरी. प्रकल्पातून सुटणाऱ्या गरम पाण्याने मासळी जाईल, गावाच्या पाण्यावर परिणाम होईल, ही त्यांची भीती होती. त्यांच्या आंदोलनांवर पोलिसांनी केलेल्या कारवाईबद्दल ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने १९९९ मध्ये सविस्तर अहवाल काढला. दुसरे म्हणजे वीज ग्राहक. त्यांच्या वतीने आकडेमोड केली ती पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने. गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ मध्येच या कराराचं तांत्रिक-आर्थिक विश्लेषण केलं होतं. तिसरे म्हणजे कामगार संघटना. सिटू आणि अभय मेहता यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर १९९६ मध्ये ती फेटाळली गेली, पण निदान ऐकली गेली.

हे सगळे आपल्या देशात, आपल्या रस्त्यावर आणि आपल्या कोर्टात बोलले. लवादाच्या खोलीत यांच्यापैकी कोणीही नव्हतं. २००३ पासून तर प्रकरण आणखी लांब गेलं. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी आपल्या मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस कराराखाली भारत सरकारविरुद्ध दावा लावला. अमेरिकेचा आपल्याशी असा करार नव्हता, म्हणून वाट मॉरिशसवरून गेली. कर्ज देणाऱ्या परदेशी बँकांनीही आपापल्या देशांच्या करारांखाली दावे केले. २००५ मध्ये तडजोड होऊन ही प्रकरणं मिटली आणि प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवरकडे गेला. वेलदूरच्या मच्छीमाराने मनात आणलं असतं तरी त्या लवादाला पत्र लिहायला पत्ता मिळाला नसता. मी हे उपहासाने म्हणत नाही. अशा लवादाचे नाव, गाव, तारीख काहीही जाहीर करायचं बंधन त्या काळी नव्हतं.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगते, कारण ती दाभोळच्या गोंधळात हरवते. ‘प्रयास’ला पुढे महाराष्ट्र वीज नियामक आयोगासमोर ग्राहकांचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून मान्यता मिळाली. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ९४(३) मध्ये अशी तरतूदच आहे की, ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी आयोग कोणालाही प्रतिनिधी नेमू शकतो. म्हणजे ज्या तिऱ्हाईताला लंडनच्या लवादात शिरकाव नव्हता, त्याला मुंबईत कायद्याने खुर्ची मिळाली. एकाच क्षेत्रात, दहा वर्षांच्या आत. संशोधनाचा प्रश्न शोधत असाल तर अशा जोड्या बघा, त्यांतून प्रश्न आपोआप निघतो.

जगात मात्र तोवर दार किलकिलं झालं होतं, आणि तेही पिण्याच्या पाण्यावरून. कॅलिफोर्नियात पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचं रसायन मिसळायचे. रसायनवाल्यांना सांगायला नको, हा ईथर पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो आणि जमिनीखालच्या टाक्या गळल्या की भूजलात लांबवर पसरतो. अगदी थोडं असलं तरी पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास येतो. मार्च १९९९ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी ते बंद करायचा आदेश काढला. मेथनॉल बनवणारी कॅनडाची मेथानेक्स कंपनी यामुळे चिडली, कारण एमटीबीई बनवायला मेथनॉल लागतं. तिने नाफ्टा कराराखाली अमेरिकेवर सुमारे ९७ कोटी डॉलरचा दावा लावला.

तेव्हा तीन संस्थांनी लवादाला सांगितलं की, आम्हालाही म्हणणं मांडू द्या. त्यातली एक होती कॅनडातली शाश्वत विकासावर काम करणारी संस्था, आयआयएसडी. दुसऱ्या दोन कॅलिफोर्नियाच्या, ‘कम्युनिटीज फॉर अ बेटर एन्व्हायर्नमेंट’ आणि ‘अर्थ आयलंड इन्स्टिट्यूट’. नियमांत अशा अर्जाबद्दल होय किंवा नाही असं काहीही लिहिलेलं नव्हतं. १५ जानेवारी २००१ रोजी लवादाने म्हटलं की, कामकाज कसं चालवायचं हे ठरवायचा अधिकार आम्हाला अन्सिट्रल नियमांच्या कलम १५(१) ने दिलेला आहे, त्यातच तिऱ्हाईताचं लेखी निवेदन स्वीकारायचा अधिकार येतो. हजर राहायचा किंवा कागद बघायचा हक्क मात्र दिला नाही. २००५ मध्ये अंतिम निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला.

दाभोळचं प्रकरण लवादात घुमत होतं त्याच वर्षांत हे घडत होतं, हे लक्षात ठेवा.

पुढची पायरी २००६ ची. एप्रिलमध्ये इक्सिडने नियम बदलले आणि नियम ३७(२) आला. वादात नसलेली व्यक्ती किंवा संस्था लेखी निवेदनासाठी अर्ज करू शकते. लवादाने तीन गोष्टी बघायच्या. दोन्ही पक्षांकडे नाही असं काही ज्ञान किंवा दृष्टी ती देऊ शकेल का, निवेदन वादाच्या कक्षेत आहे का आणि तिचा या प्रकरणात खरोखर काही संबंध आहे का. २०२२ च्या नव्या नियमांत हाच मजकूर थोडा वाढवून नियम ६७ झाला. इंग्रजी-लॅटिनमध्ये याला अमिकस क्युरी म्हणतात, मराठी कायद्यात न्यायमित्र. शब्द गोड आहे, पण या मित्राला चहा विचारत नाहीत. निवेदन द्यायचं आणि जायचं.

आरोग्याच्या बाबतीत या नियमाची खरी परीक्षा झाली ती उरुग्वेमध्ये. साडेतीन कोटींच्या आसपास लोकसंख्येचा देश असेल असं वाटतं ना? नाही, पस्तीस लाखांच्या आसपास. आपल्या ठाणे जिल्ह्यापेक्षा लहान. तिथले राष्ट्राध्यक्ष ताबारे व्हास्केस हे कर्करोगतज्ज्ञ डॉक्टर होते. सरकारने दोन गोष्टी केल्या. एक, एका ब्रँडचा एकच प्रकार विकायचा. लाल, सोनेरी, निळं असे प्रकार ठेवले की लोकांना वाटतं सोनेरी जरा सौम्य असेल, म्हणून हा नियम. दोन, पाकिटाच्या ८० टक्के भागावर धोक्याचा इशारा. फिलिप मॉरिसने फेब्रुवारी २०१० मध्ये स्वित्झर्लंड-उरुग्वे कराराखाली दावा ठोकला. ही अमेरिकी कंपनी, पण दावा स्विस पत्त्यावरून. मॉरिशसची आठवण झाली असेल तर बरोबर आहे.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि तंबाखू नियंत्रण कराराचं सचिवालय यांनी मिळून निवेदनाची परवानगी मागितली. कंपनीने हरकत घेतली. लवादाने १७ फेब्रुवारी २०१५ च्या आदेशाने परवानगी दिली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिका खंडाच्या आरोग्य संघटनेलाही दिली. ८ जुलै २०१६ चा निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला. कंपनीने उरुग्वेला खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यायचे ठरले.

या निकालातला जो भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, तो आकड्यांचा नाही. कंपनीचं म्हणणं होतं की, ‘एक ब्रँड, एक प्रकार’ या नियमाआधी उरुग्वेने स्वतःचा अभ्यास कुठे केला होता? बहुमताने म्हटलं की, तुटपुंजी साधनं असलेल्या छोट्या देशाने आंतरराष्ट्रीय करारातून जमलेल्या शास्त्रीय ज्ञानावर विसंबणं रास्त आहे, प्रत्येक देशाने पुन्हा शून्यापासून प्रयोग करायला नको. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे वाचून बरं वाटतं. पण गंमत बघा, हे ज्ञान लवादासमोर ठेवायला कोण आलं होतं? जागतिक आरोग्य संघटना. म्हणजे तिऱ्हाईत, पण किती मोठा तिऱ्हाईत! जिनिव्हात इमारत, हाताशी वकील, जगभरचा विदा. माँटेव्हिडिओचा फुप्फुसाचा रुग्ण आला नव्हता. न्यायमित्राचं दार उघडलं, तरी त्यातून आत येण्यासाठी अंगावर कोट लागतो. लवादांनी स्वीकारलेल्या न्यायमित्रांची यादी करून बघा, तुम्हालाही हेच दिसेल, असं माझं मत आहे.

एकमत नव्हतं, हेही नोंदवायला हवं. गॅरी बॉर्न या लवादाने ‘एक ब्रँड, एक प्रकार’ या नियमावर भिन्नमत लिहिलं. ते आवर्जून वाचा. निकाल आपल्याला आवडला म्हणून भिन्नमत सोडून देणारा संशोधक तोंडी परीक्षेत अडकतो.

सिगारेटवरून औषधावर येण्याआधी मधला दुवा. एली लिली या औषध कंपनीची दोन पेटंट कॅनडाच्या कोर्टांनी रद्द केली. कंपनीने नाफ्टाखाली किमान ५० कोटी कॅनेडियन डॉलर मागितले. म्हणणं असं की, पेटंट ही आमची गुंतवणूक आहे आणि कोर्टांनी ती हिरावून घेतली. इथे न्यायमित्र म्हणून प्राध्यापकही आले आणि उद्योगांच्या संघटनाही. हा नियम फक्त गरिबांच्या बाजूने वापरला जातो, असा समज असेल तर तो इथे सोडून द्या. मार्च २०१७ मध्ये कॅनडा जिंकला. तरी प्रश्न उरला की, एखाद्या देशाने पेटंट नाकारणं हाच उद्या लवादाचा विषय होऊ शकतो का? भारताने आपलं उत्तर आधीच तयार ठेवलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हाइट इंडस्ट्रीजने २०११ मध्ये आपल्याविरुद्ध लवाद जिंकला, तेव्हापासून सरकार जागं झालं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या नमुना करारात सक्तीचे परवाने आणि बौद्धिक संपदा हक्क देणं, रद्द करणं, मर्यादित करणं हे सगळं, आंतरराष्ट्रीय बंधनांशी सुसंगत असेल तोवर, कराराच्या बाहेर ठेवलेलं आहे. पाठोपाठ जुने करार संपवायच्या नोटिसा पन्नासहून अधिक देशांना गेल्या.

म्हणजे औषधाच्या पेटंटचं भांडण आपल्याकडे घरीच सोडवायचं. घरी म्हणजे कुठे? तर अँटॉप हिलला. भाईंदरहून दादर, तिथून पूल ओलांडून मध्य रेल्वे, पुढे बस किंवा टॅक्सी. बौद्धिक संपदा भवन. पेटंट कायद्यावर प्रबंध लिहायचा असेल तर ती इमारत एकदा तरी बाहेरून बघून या. इतक्या साध्या जागी इतक्या मोठ्या गोष्टी ठरतात, हे डोळ्यांनी बघितलेलं बरं.

२००५ च्या दुरुस्तीनंतर पेटंट कायद्याचं कलम २५(१) असं आहे की, अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मंजूर होण्याआधी ‘कोणतीही व्यक्ती’ लेखी हरकत घेऊ शकते. मंजुरीनंतरच्या हरकतीसाठी २५(२) आहे, तिथे मात्र ‘हितसंबंधी व्यक्ती’ लागते. या दोन शब्दांमधल्या फरकात माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण बसलंय. ‘कोणतीही’ म्हणजे कोणतीही. रुग्ण, विद्यार्थी, स्पर्धक कंपनी, शेजारची काकू. आणि सुनावणी मागितली तर ती द्यावीच लागते.

याचा पहिला गाजलेला वापर ग्लिव्हेकवर झाला. रक्ताच्या कर्करोगाच्या या औषधावर नोव्हार्टिसने चेन्नईत अर्ज केला होता. हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. कंपनीचं औषध महिन्याला सव्वा लाखाच्या घरात, तर देशी जेनेरिक आठ-दहा हजारांत, असा तो फरक होता. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३(डी) वर शिक्कामोर्तब केलं. माहीत असलेल्याच पदार्थाचं नवं रूप काढलं आणि त्याने रोगावरचा गुण लक्षणीय वाढत नसेल, तर ते नवं नाही.

मग आली बेडाक्विलिन. टीबीच्या जिवाणूचं ऊर्जा बनवणारं यंत्र, म्हणजे एटीपी सिंथेस, बंद पाडणारं औषध. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जवळजवळ चाळीस वर्षांनी टीबीवर नव्या गटातलं औषध आलं होतं. त्याच सुमारास मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, तपासलेल्या सगळ्याच औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदवले होते. म्हणजे गरज कुठे होती, हे वेगळं सांगायला नको. मिरा-भाईंदरपासून कुलाब्यापर्यंत एकाच डब्यात कोंबून प्रवास करणाऱ्या शहराला हवेतून पसरणारा आजार काय करतो, ते आपल्याला कळतं.

जुना उपचार म्हणजे महिनोन्‌महिने कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं. ती कानाच्या आतल्या केसपेशी मारतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळच्या खायेलित्शाच्या फुमेझा तिसिले या दोघी टीबीतून वाचल्या, पण औषधांनी दोघींचं ऐकणं हिरावलं. बेडाक्विलिन ही गोळी आहे. सहा महिन्यांच्या उपचाराला १८८ गोळ्या. पहिले दोन आठवडे रोज चार, पुढचे बावीस आठवडे आठवड्यातून तीनदा दोन-दोन. करून बघा, हिशोब जुळतो.

मूळ रेणूवरचं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. पण कंपनीने, म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनच्या यान्सेनने, मुंबई कार्यालयात आणखी एक अर्ज करून ठेवला होता, या औषधाच्या फ्युमरेट क्षारावर. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. भाईंदरच्या मंडळींना मिठागरं माहीत आहेत, हे मीठ त्यातलं नव्हे. रसायनशास्त्रात आम्ल आणि आम्लारी जोडले की क्षार मिळतो. बेडाक्विलिन हा आम्लारी आहे आणि तो पाण्यात नीट विरघळत नाही. त्याला फ्युमॅरिक आम्ल जोडलं की गोळी बनवायला सोयीचा क्षार मिळतो. हे काम गरजेचं आहे, कौशल्याचंही आहे. पण औषध बनवणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत क्षारांची एक नेहमीची यादी असते आणि फ्युमॅरिक आम्ल त्या यादीत असतं. एमएस्सीच्या वर्गात ‘न विरघळणाऱ्या आम्लारीचं काय कराल?’ विचारलं तर मागच्या बाकावरूनही उत्तर येईल. मी या विषयात का पडले, त्याचं खरं उत्तर बहुधा हेच आहे. इतक्या मोठ्या कायदेशीर भांडणाचा गाभा दुसऱ्या सत्राच्या प्रात्यक्षिकात होता.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नंदिता आणि फुमेझा यांनी मुंबईत हरकत दाखल केली. पाठीशी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था होती. महाराष्ट्रातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनेचीही हरकत होती. फुमेझाकडे भारताचं नागरिकत्व नाही, पण कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतो, कोणताही भारतीय म्हणत नाही. केप टाउनची मुलगी अँटॉप हिलच्या कार्यालयात हक्काने उभी राहू शकते. वीसेक वर्षांपूर्वी वेलदूरचा मच्छीमार स्वतःच्याच गावच्या प्रकल्पाच्या लवादात उभा राहू शकत नव्हता.

२३ मार्च २०२३ रोजी अर्ज फेटाळला गेला. योगायोग असा की, दुसऱ्या दिवशी जागतिक क्षयरोग दिन होता. शोधात नवी पायरी नाही आणि कलम ३(डी) ची चाळणी पार होत नाही, ही त्यामागची मुख्य कारणं. जुलैमध्ये मूळ पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. त्याच महिन्यात कंपनीने जागतिक खरेदी यंत्रणेमार्फत बहुतेक गरीब देशांना जेनेरिक पुरवायला संमती दिली. २०२० मध्ये सहा महिन्यांच्या उपचाराचा कंपनीचा दर ३४० डॉलर होता. ऑगस्ट २०२३ च्या खरेदीत तो १३० वर आला. मुंबईची ल्युपिनही त्या यादीत होती. हे सगळं एका हरकतीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, जगभर दबाव होता, मूळ पेटंटही संपत होतं. पण क्षाराचं पेटंट मंजूर झालं असतं तर ल्युपिनच्या हातात काय राहिलं असतं, याचा विचार करा.

आता तुलना. लवादातला न्यायमित्र परवानगी मागतो, इथला हरकतदार हक्काने येतो. न्यायमित्राला बहुधा कागद दिसत नाहीत, इथे अर्ज आणि तपासणीचे अहवाल संकेतस्थळावर असतात, घरबसल्या वाचा. न्यायमित्राच्या मुद्द्याला उत्तर द्यायला लवाद बांधील नाही, इथे नियंत्रकाला कारणांसह आदेश लिहावा लागतो. एका बाबतीत मात्र दोघं सारखेच आहेत. हरकत फेटाळली गेली तर मंजुरीआधीच्या हरकतदाराला कायद्यात अपील नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्येच ते स्पष्ट केलं आहे.

ही खुर्ची मोठी आहे म्हणून तिच्यावर रागही आहे. पेटंट मागणाऱ्यांचं म्हणणं असं की, बेनामी माणसं पुढे करून एकामागून एक हरकती घालतात आणि अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळतो. यात तथ्य नाही असं नाही. पण उपाय कोणता निघाला बघा. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हार्टिस विरुद्ध नॅटको प्रकरणात म्हटलं की, हरकत आणि कार्यालयाची तपासणी या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, तपासणीत हरकतदाराला भाग घेता येणार नाही. १५ मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने हरकत दखल घेण्याजोगी आहे की नाही, हे नियंत्रकाने आधी ठरवायचं असं आलं. आधी हरकत फुकट होती, आता तिला फी आहे. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द कायद्यात तसेच आहेत. त्यांच्या आधी एक उंबरठा बसवला गेला. इक्सिडचा नियम ३७(२) शून्यातून परवानगीपर्यंत चढत आला, आपलं कलम हक्काकडून परवानगीकडे उतरतंय. दोन्ही वाटा कुठेतरी मध्ये भेटतील की काय, हे मी सध्या तपासते आहे.

तुम्हाला यात उतरायचं असेल तर लवादांचे अंतिम निकाल नंतर वाचा. आधी प्रक्रियेचे आदेश वाचा. ते चार-पाच पानांचे असतात, ‘इटालॉ’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि कोणी अर्ज केला, कोणी हरकत घेतली, कोणाला नाकारलं, ते तिथेच असतं. पेटंटच्या बाजूला नमुना ७(अ) शोधा, मंजुरीआधीची हरकत त्यावर दाखल होते. मार्च २०२४ च्या आधीचे आणि नंतरचे असे दोन गठ्ठे करा आणि त्यात किती रुग्ण आहेत ते मोजा. मी एका औषधगटापुरतं मोजायला घेतलंय. कोणाला दुसरा गट घ्यायचा असेल तर कळवा, तक्त्याचा आराखडा पाठवते.